कोकण कपिला वळू विकत घेतला, त्याला दोन वर्षं झाली

आमचं घर देवगड तालुक्यात, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या कडेला. हापूसची कलमं आहेत आणि अकरा गायी आहेत. सगळ्या गावठी, आता ज्यांना कोकण कपिला म्हणतात त्या. शेण आणि गोमूत्र कलमांना जातं, तूप मुंबईच्या ठरलेल्या सात-आठ घरांत जातं. दुधाचा धंदा मी करत नाही. हे आधी सांगते, कारण वळू कसा हवा हे तुम्ही गाय कशासाठी पाळता यावर ठरतं, आणि माझा अनुभव माझ्यासारख्यांच्याच उपयोगी पडेल.

2023 च्या दिवाळीनंतर मी कुडाळच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गोठेवाल्याकडून साडेतीन वर्षांचा वळू आणला. गोठेवाल्याकडे लहान-मोठी धरून चाळीसेक गुरं आहेत. तो वळू विकतो, आणि तीन वर्षांनी अदलाबदलही करून देतो. दोन वर्षांत मला दहा-बारा जणांनी तरी फोन करून विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी वळू का आणला ते सांगते.

2021 च्या पावसात माझी तांबू गाय व्यायच्या वेळी अडली. तिला आदल्या वर्षी इंजेक्शन दिलं होतं, म्हणजे कृत्रिम रेतन. कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, एचएफची होती, होल्स्टीन फ्रिजियन या मोठ्या विदेशी जातीची. गाय केवढी, पहिलटकरीण आहे की दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, काहीच कोणी विचारलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. दूध वाढेल एवढंच डोक्यात होतं. आमची गाय उंचीला माझ्या कमरेच्या थोडी वर, आणि एचएफचं वासरू किती मोठं असतं ते मी त्या रात्री पाहिलं. पुढचे दोन्ही पाय बाहेर आलेले, नाकपुडी दिसत होती, आणि डोकं अडलेलं. डॉक्टर येईपर्यंत तीन तास गेले. वासरू मेलेलं निघालं. तांबूला मागच्या पायांवर उभं राहताच येईना, कारण वासरू अडल्यावर आतल्या नसा दबतात. अकरा दिवस आम्ही तिला पेंढ्याच्या बिछान्यावर दिवसातून चार वेळा कूस बदलून निजवलं. ती उठली, आजही आहे, पण पुन्हा कधी गाभण राहिली नाही.

कृत्रिम रेतन वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. चांगल्या दूध देणाऱ्या मोठ्या गायी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तेच करावं. उणे 196 अंशांवरच्या द्रव नायट्रोजनातून काढलेली पाव मिलीची कांडी 37 अंशांच्या पाण्यात तीस सेकंद धरून, माणूस वेळेवर पोहोचला तर गाय लागते. आमच्याकडे माणूसच वेळेवर पोहोचत नाही. गावठी गाय सकाळी माज दाखवते आणि रात्रीपर्यंत गप्प होते. बऱ्याच जणी ओरडतसुद्धा नाहीत. सड्यावर चरताना ती माजावर आहे हे फक्त वळूला कळतं.

मग गावात वळू नाहीत का? आहेत, आणि तिथंच खरी गोम आहे. आमचे चुलत सासरे, आबा, नव्वदीच्या घरात आहेत. पूर्वी त्यांच्या घरी बैलांची तीन जोतं होती. ते म्हणाले, "बरो पाडो दिसलो की आम्ही तेका बडवायचो. नांगराक व्हयो ना! मागे रवायचो तो किडमिडो, तोच गायींवर जायचो." मी ऐकतच राहिले. पिढ्यान् पिढ्या आपण सगळ्यात ताकदवान, सगळ्यात सरळ पायांचा पाडा निवडला आणि बडवून, म्हणजे खच्ची करून, बैल केला. वंश चालवायचं काम राहिलं ते कोणीच न निवडलेल्याकडे. बैल पारखायला आपल्याकडे घरटी एक माणूस होता. खांदा बघायचे, खूर बघायचे, भोवरे बघायचे. वळू मात्र कोणी पारखला नाही. आता पॉवर टिलर आला, पाडे बडवणंही थांबलं, आणि कोणाचाही पाडा कोणाच्याही गाईवर जातो, स्वतःच्या आईवरसुद्धा. एक गाय वर्षाला फार तर एक वासरू देते. वळू मात्र गोठ्यात त्या वर्षी जन्मलेल्या प्रत्येक वासराचा बाप असतो. तो चुकला तर सगळंच चुकतं.

तर, वळू बघायला गेले. आबांनी जाताना एकच सांगितलं होतं, "पाड्याक काय बघतंस? आधी तेची आवस बघ."

गोठेवाल्यानं वळू अंगणात बांधून ठेवला होता. धुतलेला, शिंगांना तेल लावलेलं, तुकतुकीत तांबडा. मी म्हटलं, आधी याची आई दाखवा. तो म्हणाला, "वयनी, ती चरूक गेली, फोटो दाखवतंय." मी म्हटलं, थांबते मी. दोन तास बसले. संध्याकाळी गुरं परत आली तेव्हा ती दिसली. सहाव्या वेताची, चारही सड सारखे, बोटाएवढे, कास पोटाला घट्ट चिकटलेली. खाली लोंबणारी कास सड्यावर करवंदीच्या काट्यांनी फाटते, आणि सड फार जाड असले तर नुकत्या जन्मलेल्या वासराच्या तोंडात मावत नाहीत. सहा वेतं होऊन कास जागेवर राहिली म्हणजे लेकी-नातींचीही राहील अशी आशा ठेवायला जागा आहे. तिचं एकही वासरू ओढून काढावं लागलं नव्हतं, आणि तशी वेतांची नोंद त्यानं वहीत ठेवली होती. ती वही बघून मला या माणसाबद्दल पहिल्यांदा खात्री वाटली.

मग वळू चालवून दाखवा म्हटलं. अंगणात नको, कातळावर. तिथं त्याला दोरीनं नेलं आणि मी बाजूनं बघत राहिले. आदल्या रात्री शिंतोडे पडून गेले होते, कातळावरच्या लाल धुळीत खुरांचे ठसे उमटत होते. पुढचा खूर उचलला की मागचा बरोबर त्याच ठशात पडत होता. हे फार महत्त्वाचं आहे. वळू गाईवर चढतो तेव्हा सगळं वजन मागच्या दोन पायांवर येतं. मागचे पाय खांबासारखे ताठ असले तर गुडघ्याचा सांधा लवकर सुजतो, विळ्यासारखे फार वाकलेले असले तर खुराची टाच झिजते. पाय दुखणारा वळू माजावरची गाय समोर असूनही चढत नाही. त्याचे खूर काळे होते, टणक, दोन्ही नख्या सारख्या लांबीच्या. आमच्या जांभ्या कातळावर पांढरट मऊ खुराचं जनावर महिन्याभरात लंगडतं.

अजून एक गोष्ट, जी मला आमच्या डॉक्टरांनी सांगून ठेवली होती. पोटाखाली, बेंबीपासून मागे येणारं कातडं किती लोंबतं ते बघायचं. आपल्या वशिंडवाल्या गुरांत ते जरा सैलच असतं, पण फार लोंबत असेल तर जाळीत खरचटतं, जखम होते, आणि जखमेचा वण राहिला की वळू कायमचा निकामी होतो. याचं आटोपशीर होतं.

स्वभाव बघायला मी गोठेवाल्याच्या बायकोला विचारलं, गोठेवाल्याला नाही. ती म्हणाली, मी रोज पाणी पाजते, एकदाही मान हलवली नाही. तेवढं पुरे होतं. तरीही वळू तो वळूच. वेसण घातल्याशिवाय आम्ही त्याला हलवत नाही, त्याच्याकडे पाठ करून कोणी उभं राहत नाही, आणि नातवंडांना त्याच्या दाव्याजवळ मनाई आहे. गरीब वळूच माणसाला मारतो, कारण मारक्याजवळ सगळे जपून वागतात.

पसंत पडला तरी पैसे दिले नाहीत. डॉक्टरांकडून तपासून घेईन, मगच, असं सांगितलं. गोठेवाल्यानं एका शब्दानं नकार दिला नाही, हे त्याच्या बाजूनं नोंदवते. दुसऱ्या एका ठिकाणी याच मागणीवर मला "आमच्यावर विश्वास नाही काय" असं ऐकवलं गेलं होतं.

मांसासाठी गुरं पाळणाऱ्या देशांत वळूची अशी तपासणी दर वर्षी हंगामाआधी होते, असं डॉक्टर सांगत होते. तिकडे वळूच्या कागदावर त्याची वासरं जन्मताना किती वजनाची असतात, किती झपाट्यानं वाढतात, त्याच्या लेकी किती दूध पाजतात, सगळ्याचे अंदाजी आकडे छापलेले असतात. आपल्याकडे गावठी वळूच्या बाबतीत ते आकडे नाहीत. पण तपासणीची पद्धत आपल्यालाही उचलता येते, आणि तिला फार खर्च नाही. डॉक्टरांनी अंडकोशाला फीत लावली, सर्वांत रुंद भागावर, दोन्ही गोळ्या खाली ओढून धरून. 29 सेंटिमीटर भरलं. अमेरिकेत दोन वर्षांवरच्या वळूला किमान 34 लागतं, पण ती जनावरं वजनानं आपल्या तिप्पट. आपल्या वळूत दोन्ही बाजू सारख्या आहेत का, दाबल्यावर घट्ट पण लवचिक लागतात का, गाठ आहे का, हे जास्त महत्त्वाचं. मला एक गोष्ट नवीन कळली. ज्याचा अंडकोश वयाच्या मानानं मोठा, त्याच्या लेकी लवकर माजावर येतात. आमच्या कालवडी माजावर यायला तीन-तीन वर्षं लावतात, म्हणून ते मी मनात पक्कं धरलं.

मग माजावरची गाय बांधून नमुना घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. डॉक्टरांनी मलाही बघू दिलं. शंभरातले निदान तीस शुक्राणू सरळ पुढे पोहत असायला हवेत आणि सत्तर नीट आकाराचे हवेत, अशी तिकडची किमान अट आहे. याचे साठाच्या वर पोहत होते. डोळा लावून ती धावपळ बघताना माझ्या अंगावर काटा आला.

ब्रुसेलाचा रक्ततपास मात्र अडला. गोठेवाल्यानं जो कागद दाखवला त्यावरचा बिल्ल्याचा नंबर या वळूच्या कानातल्या बारा आकडी नंबराशी जुळेना. तो दुसऱ्याच वळूचा निघाला. चुकून दिला असेल, पण एवढी चूक चालत नाही. ब्रुसेलानं गायी शेवटच्या महिन्यांत गाभडतात, आणि व्याल्यावर गाईची वार काढणाऱ्या माणसालाही तो रोग लागतो. वार आमच्या घरी मी काढते. पुन्हा रक्त घेतलं, पंधरा दिवस गेले, निकाल चांगला आला. खर्च त्यानं केला, पण मागावं लागलं. तुम्ही जाल तेव्हा प्रत्येक कागदावरचा नंबर आणि कानातला नंबर स्वतः वाचून बघा.

किंमत 28 हजार ठरली. टेम्पोचे साडेतीन हजार वेगळे. डॉक्टरांचा प्रवासाचा दाखला, खरेदीची पावती आणि बिल्ल्याचा कागद पुढच्या काचेजवळ ठेवले होते, वाटेत दोनदा दाखवावे लागले.

आता माझी मुख्य तक्रार. वळू विक्रीसाठी फुगवलेला होता. सरकी पेंड आणि भाताचा कोंडा भरपूर घालून चरबी चढवलेली, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तुकतुकीत दिसणारं सगळंच तब्येत नसते. अंडकोशाच्या मानेभोवती चरबी साठली की तो गार राहत नाही, आणि बीज तिथंच बिघडतं. त्याला रोज किती पेंड मिळत होती हे विचारलं तेव्हा "थोडी" असं उत्तर आलं होतं. घरी आणून आमच्या रीतीनं पेंढा आणि सुकं गवत सुरू केलं, तर आठवड्यात त्याचं पोट बिघडलं. प्रवासानंतर तीन दिवस तापही होता, 104 पर्यंत. महिनाभर त्याला बाकी गुरांपासून वेगळा, मांगरात बांधला होता, ते एक बरं केलं. पण सड्यावर सोडल्यावर मार्चपर्यंत तो नुसता उतरत गेला. बरगड्या मोजता येतील इतका. शेजाऱ्यांनी "काय गो, फसलंस मगे" म्हटलं तेव्हा रात्री झोप लागत नव्हती.

जानेवारीत तीन गायी फळल्या. एकवीस दिवसांनी तिन्ही उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. मी गोठेवाल्याला फोन केला, जरा तिखटच बोलले. तो दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून आला. डॉक्टरही आले. डॉक्टरांनी समजावलं ते असं, की वळूचं बीज तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात. नोव्हेंबरात ताप आला, तो उतरला, वळू खायला लागला, वरून सगळं ठीक दिसलं. पण त्या तापात जे बीज घडत होतं ते बिघडलेलंच निघणार, आणि ते बाहेर पडतं जानेवारीत. थांबा, मार्चपर्यंत वाट बघा.

हे विकणाऱ्यानं विकतानाच सांगायला हवं होतं. वळू नेल्यावर दोन महिने गायी लागल्या नाहीत तरी घाबरू नका आणि खुराक हळूहळू तोडा, एवढी दोन वाक्यं. पाच ताऱ्यांतला माझा एक तारा इथं जातो.

मार्चनंतर मात्र तक्रारीला जागा राहिली नाही. दोन गायी आधीच गाभण होत्या. उरलेल्या नवांपैकी आठ लागल्या, राहिली ती बिचारी तांबूच. डिसेंबर 2024 मध्ये पहिली व्याली ती ढवळी. मी रात्री दोनला कंदील घेऊन उठले, कारण तांबूपासून माझा जीव गाय व्यायला लागली की खालीवर होतो. डॉक्टरांना फोन लावून ठेवला होता. मी गोठ्यात पोहोचले तर वासरू पडलेलं होतं, ढवळी त्याला चाटत होती. वीस मिनिटांत ते उभं राहिलं, धडपडलं, पुन्हा उठलं आणि सड शोधू लागलं. मी डॉक्टरांना फोन करून झोपा म्हणून सांगितलं. सकाळी ताणकाट्यावर झोळीत तोललं, 14 किलो. आठही वासरं 13 ते 16 किलोंच्या आत होती, आणि एकाही गाईला हात लावावा लागला नाही. मला जे हवं होतं ते हेच होतं. दुधाचं विचाराल तर फरक कालवडी व्याल्यावर कळेल, आज त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

आठांत पाच कालवडी, तीन पाडे. पाड्यांबद्दल लिहायलाच हवं. महाराष्ट्रात 2015 पासून बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हणजे नको असलेला पाडा विकून मोकळं होता येत नाही. मग तो रात्री हायवेवर सोडला जातो, गाडीखाली येतो, नाहीतर वाडीतल्या भाजीच्या वाफ्यांत काठ्या खातो. म्हणून वळू निवडताना पाड्यांचाही विचार करावा लागतो. त्याचे पाय आणि खांदा असे हवेत की पाडा जोताला चालेल किंवा पुढे वळू म्हणून कोणी मागेल. माझ्या तिघांतले दोन वेंगुर्ल्याकडच्या एका शेतकऱ्यानं जोतासाठी बोलून ठेवले आहेत. तिसरा मागच्या पायांत जरा वाकडा आहे, तो मी वेळेत बडवून घेणार. चिमट्यानं, रक्त न काढता, डॉक्टरांकडूनच. त्याला तसाच मोकळा सोडला तर आबांच्या काळातली चूक मी पुन्हा करीन.

या सेवेत सर्वांत चांगलं काय, तर अदलाबदलीची अट. वळूच्या स्वतःच्या लेकी माजावर यायच्या आत तो गोठ्यातून हलायला हवा, नाहीतर बापलेकीचं वेत सुरू होतं, आणि पुढे वासरं खुरटी, गायी उलटणाऱ्या. हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण चांगला लागू झालेला वळू काढायला मन होत नाही आणि दुसरा आणायला पैसे नसतात. हा गोठेवाला तीन वर्षांनी आपला वळू परत घेतो आणि दुसऱ्या रक्ताचा देतो. वर सहा हजार घेतो, आणि परत घेताना वळूची पुन्हा तीच तपासणी करतो, कारण नैसर्गिक फळण्यातून एका गोठ्याचा रोग दुसऱ्या गोठ्यात जाऊ शकतो. हे सगळं त्यानं मला कागदावर लिहून दिलं आहे. तुम्ही तोंडी घेऊ नका.

ज्यांच्याकडे दोन-तीनच गायी आहेत त्यांनी एकट्यानं वळू घेऊ नये. खुराकच परवडत नाही. पूर्ण वाढलेला वळू पंचवीसेक गायींना पुरतो, तेव्हा वाडीनं मिळून घ्यावा, पण मग सगळ्यांच्याच गायींचा ब्रुसेला तपासून. आमच्या वाडीत चार घरांनी विचारलं, मी तपासणीचा कागद मागितला, दोघांनी आणला. त्यांच्या सहा गायी फळवल्या, उरलेल्या दोन घरांशी थोडं वितुष्ट आलं. त्याचं वाईट वाटतं, पण अट मी सोडणार नाही.

आबा अलीकडे उठत नाहीत फारसे. गेल्या महिन्यात त्यांना खुर्चीत बसवून खळ्यात आणलं आणि पाची कालवडी समोरून चालवत नेल्या. त्यांनी एकेकीचे मागचे पाय बघितले, मान वाकवून. ढवळीची लेक पुढे आली तेव्हा म्हणाले, "हिची आवस मी बघलंय," आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले.

पाचपैकी चार तारे. पुढच्या दिवाळीनंतर अदलाबदलीला जाईन, तेव्हा नवीन वळूच्या आईला बघायला या वेळी सकाळपासूनच थांबणार आहे, आणि पेंड रोज किती किलो घालता हे आकड्यात लिहून घेणार आहे.